दुर्बीण दर्जेदार, पण छायाचित्राचे काय?

देवयानी दीर्घिका ही आकाशातील बहुधा सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेली दीर्घिका असावी. छायाचित्रण खगोलशास्त्राच्या सेवेत रुजू झाले तेव्हापासून लहानमोठ्या असंख्य दुर्बिणी तिच्याकडे रोखल्या गेल्या आहेत. तिच्याविषयी नवे काही सांगावे, असे हौशी माणसाच्या हाती उरले नसेल, असाच सर्वसाधारण समज होता. २०२२ साली फ्रान्समधील हौशी छायाचित्रकार यान सँटी यांनी टिपलेल्या छायाचित्रांत मात्र या दीर्घिकेशेजारी निळसर प्रकाशाची एक अंधूक कमान उमटली. सुमारे दीड अंश लांबीची, म्हणजे तीन पूर्णचंद्र ओळीने मांडावेत एवढी. मार्सेल ड्रेक्सलर आणि ग्झाव्हिए स्ट्रॉटनर या अन्य दोन हौशी निरीक्षकांसह व व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांसह त्यांनी हा शोध जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. कमान आपल्याच आकाशगंगेतील की देवयानीलगतची, यावर पुढे संशोधकांत चर्चा होत राहिली. तिचे अस्तित्व मात्र निर्विवाद ठरले. त्याच वर्षी ग्रिनिचच्या रॉयल वेधशाळेच्या खगोलछायाचित्र स्पर्धेत या छायाचित्राला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

हे छायाचित्र टिपणाऱ्या दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास अवघा १०६ मिलीमीटर होता. ती होती जपानच्या टाकाहाशी कंपनीची ‘एफएसक्यू-१०६’ या मालिकेतील अपवर्तक, म्हणजे भिंगाची दुर्बीण. हौशी खगोलछायाचित्रकारांच्या वर्तुळात या दुर्बिणीचे नाव आदराने घेतले जाते. तथापि तशी दुर्बीण जगभर कितीतरी जणांच्या घरी असताना शोध मात्र एकाच्या हाती लागला. भिंगाइतकेच महत्त्व होते ते योग्य फिल्टरला, दृष्टिक्षेत्राला, रात्रभर अचूक फिरणाऱ्या बैठकीला आणि शंभर तासांहून अधिक काळ जमवलेल्या प्रकाशाला. उंची अपवर्तक दुर्बीण घेऊ पाहणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावयास हवी. भिंग विकत मिळते. छायाचित्र मात्र भिंगाच्या मागे-पुढे आणि खाली काय जोडले आहे, यावर ठरते.

रंगांशी तीन शतकांचा झगडा

भिंगाची दुर्बीण जन्मली ती एक दोष घेऊनच. काचेतून जाताना निळा किरण तांबड्यापेक्षा अधिक वळतो. त्यामुळे सर्व रंग एका बिंदूत एकवटत नाहीत आणि तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळट प्रभावळ दिसते. सतराव्या शतकात यावर उपाय म्हणून दुर्बिणी लांबच लांब होत गेल्या. पोलंडमधील हेवेलियसची एक दुर्बीण दीडशे फूट लांबीची होती; ती खांबाला दोरांनी टांगावी लागे. हा दोष काचेतून घालवताच येणार नाही, असे मानून न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण बनवली.

न्यूटनचे हे मत चुकीचे ठरले. १७३० च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा जोडून दोन रंग एकत्र आणले आणि १७५८ मध्ये जॉन डॉलंडने अशा ‘ॲक्रोमॅट’ भिंगाचे पेटंट घेतले. तिसरा रंगही त्याच बिंदूत आणणारे ‘ॲपोक्रोमॅट’ भिंग प्रथम सूक्ष्मदर्शकासाठी तयार झाले. जर्मनीत अर्न्स्ट आबे यांनी १८८६ मध्ये नैसर्गिक फ्लुओराइट स्फटिक वापरून ते साधले. परंतु दुर्बिणीला पुरेल एवढा मोठा व निर्दोष स्फटिक निसर्गात दुर्मीळ. कारखान्यात वाढवलेला फ्लुओराइट हाती आल्यावरच मार्ग मोकळा झाला. कॅननने १९६९ मध्ये फ्लुओराइट असलेले कॅमेऱ्याचे लेन्स बाजारात आणले आणि १९७० च्या दशकात टाकाहाशीच्या फ्लुओराइट दुर्बिणी आल्या. पुढे फ्लुओराइटच्या जवळपास जाणाऱ्या विशेष काचा तयार झाल्या. जपानच्या ओहारा कंपनीची ‘एफपीएल-५३’ ही त्यांपैकी सर्वांत परिचित. आज जाहिरातींत ‘ईडी’ म्हणून मिरवणारी भिंगे याच कुळातील होत.

पैसे मोजायचे ते कशाचे?

आरशाच्या दुर्बिणीत तेवढ्याच पैशात कितीतरी मोठा व्यास मिळतो. मग भिंगाचा हट्ट कशासाठी? याची उत्तरे तीन आहेत. अपवर्तक दुर्बिणीत प्रकाशाच्या वाटेत दुसरा आरसा आडवा येत नाही, त्यामुळे प्रतिमा अधिक ठसठशीत उमटते. नळी बंद असल्याने आतली हवा कमी ढवळते. आणि भिंगे कारखान्यात एकदा जुळवली की आरशांप्रमाणे वरचेवर जुळवाजुळव करावी लागत नाही. महिन्यातून एखादीच निरभ्र, चंद्रविरहित रात्र हाती येणाऱ्या शहरवासीयासाठी हा तिसरा गुण फार मोलाचा ठरतो.

उंची दुर्बिणीत जास्तीचे पैसे जातात ते काचेची प्रत, भिंगाची घडण, ते धरून ठेवणारी चौकट आणि फोकसर यांसाठी. दोन भिंगांची साधी ईडी दुर्बीण आणि तीन वा चार भिंगांची उत्तम दुर्बीण यांतून चंद्र पाहिला तर नवख्याला फारसा भेद जाणवणार नाही. छायाचित्राच्या कोपऱ्यात मात्र तो लपत नाही. तेथे एकीचे तारे टिंबासारखे राहतात, तर दुसरीचे लहान पक्ष्यांसारखे पंख पसरतात. केवळ काचेच्या नावावर जाणेही धोक्याचे. ‘एफपीएल-५३’ वापरलेले पण ओबडधोबड घासलेले भिंग हे साध्या काचेच्या सुबक भिंगापुढे फिके पडू शकते. जोडीला वापरलेली दुसरी काच कोणती, यावरही बरेच अवलंबून असते.

या दर्जाच्या निर्मात्यांची नावे फारशी नाहीत. टाकाहाशीखेरीज रोलंड ख्रिस्टन यांनी स्थापलेली अमेरिकेची ॲस्ट्रो-फिजिक्स आणि ॲल नॅगलर यांची टेलिव्ह्यू ही त्यांतील ठळक. ॲस्ट्रो-फिजिक्सच्या दुर्बिणीसाठी ग्राहकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत काढल्याचे खगोलप्रेमींना ठाऊक आहे. व्यास वाढला की किमती झपाट्याने चढतात, कारण काचेचे वजन आणि घडणीचे श्रम व्यासापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. म्हणूनच ८० ते १०६ मिलीमीटर हा टप्पा हौशी छायाचित्रकाराच्या खिशाला आणि खांद्याला, दोहोंना पेलणारा मानला जातो.

आधी पाया, मग कळस

दुर्बीण घेतल्यावर उरलेल्या पैशात माउंट, म्हणजे तिला फिरवणारी बैठक घ्यावी, ही नवख्यांची नेहमीची चूक. छायाचित्रणात हा क्रम उलटा हवा. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकलांनी सरकते. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पाच मिनिटांच्या उघडझापेत तारा सव्वा अंशाने, म्हणजे दोन-अडीच चंद्रांएवढ्या अंतराने पुढे जातो आणि तेवढ्या वेळात दुर्बिणीने एक-दोन विकलांपेक्षा अधिक चुकायचे नाही, अशी ही अपेक्षा असते. मध्यम प्रतीच्या माउंटच्या वर्म गिअरमध्ये दर काही मिनिटांनी पुन्हा पुन्हा येणारी चूक दहा-वीस विकलांची सहज असते. भिंग कितीही उंची असो, अशा बैठकीवर तारे रेघांसारखेच येणार.

माउंटची क्षमता पाहताना निर्मात्याने दिलेला आकडा डोळे झाकून घेऊ नये. तो बहुधा डोळ्यांनी पाहण्यासाठीचा असतो. छायाचित्रणासाठी त्याच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश एवढेच वजन धरावे आणि त्यात दुर्बिणीबरोबर कॅमेरा, गाइड दुर्बीण, कड्या व पट्टी यांचेही वजन मिळवावे. एफएसक्यू-१०६ ची नळीच सुमारे सात किलोची आहे. साजशृंगारासह ती दहा किलोंच्या पुढे जाते. सँटी यांनी वापरलेले स्काय-वॉचर कंपनीचे ‘ईक्यू६-आर’ हे माउंट सुमारे २० किलो क्षमतेचे, मधल्या किमतीच्या वर्गातले आहे. याचा अर्थ असा, की कमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला सर्वांत महागडे माउंट लागतेच असे नाही; लागते ते तिच्या वजनाला व नाभीय अंतराला शोभेल असे. अलीकडे ‘हार्मोनिक’ गिअरची, प्रतिभाराविना चालणारी हलकी माउंट लोकप्रिय झाली आहेत. गच्चीवरून खाली, गाडीत आणि तेथून माळरानावर सामान वाहून नेणाऱ्यांना ती सोयीची. मात्र त्यांची नैसर्गिक चूक मोठी असल्याने गाइडिंगवाचून त्यांचे पान हलत नाही.

महाराष्ट्रातील ग्राहकाने आणखी एक बाब तपासावी. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबई-पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर दिसतो, नागपुरातून २१ अंशांवर. युरोप-अमेरिकेतील अक्षांश डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली काही माउंट एवढी खाली कलली की त्यांचा प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायाला लागतो. कमीत कमी किती अक्षांशापर्यंत माउंट चालेल, हे खरेदीपूर्वीच विचारावे; गरज पडल्यास तिपाईवर बसणारा जोडखांब घ्यावा. शहरात तर उत्तरेची इमारत ध्रुवतारा झाकूनच टाकते. अशा वेळी आकाशाच्या अन्य भागाची छायाचित्रे घेऊन अक्ष जुळवणारी संगणकप्रणाली कामी येते. शिवाय ध्रुवतारा म्हणजे खुद्द ध्रुवबिंदू नव्हे. तो त्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, हेही विसरू नये.

सपाट कॅमेरा, वक्र प्रतिमा

दोन वा तीन भिंगांच्या दुर्बिणीची प्रतिमा सपाट पृष्ठावर पडत नाही. ती उथळ वाटीसारखी वक्र असते. डोळ्याला याचा त्रास होत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र सपाट असल्याने मध्यभाग स्पष्ट आणि कडा अस्पष्ट, असा प्रकार होतो. त्यावरचा उपाय म्हणजे ‘फ्लॅटनर’. तो कॅमेऱ्याच्या पुढे बसवतात. ‘रिड्यूसर’ हेच काम करून नाभीय अंतरही कमी करतो, त्यामुळे दृष्टिक्षेत्र विस्तारते आणि उघडझापेचा वेळ वाचतो. सँटी यांनी ५३० मिलीमीटर नाभीय अंतराची आपली दुर्बीण सुमारे ३८० मिलीमीटरवर, म्हणजे एफ/५ ऐवजी एफ/३.६ वर वापरली. विस्तृत व अंधूक तेजोमेघासाठी सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर यामुळे जवळजवळ दुप्पट प्रकाश पडतो.

एफएसक्यू किंवा टेलिव्ह्यूच्या ‘एनपी’ मालिकेत चार भिंगांची ‘पेट्झव्हाल’ रचना असते. तिच्यात मागची भिंगेच प्रतिमा सपाट करतात, त्यामुळे वेगळा फ्लॅटनर लागत नाही. एफएसक्यूचे सुप्रकाशित प्रतिमावर्तुळ ८८ मिलीमीटरचे, म्हणजे ३५ मिलीमीटर फिल्मच्या आकाराच्या सेन्सरला पुरून उरणारे आहे. याउलट तीन भिंगांची दुर्बीण घेणाऱ्याने त्याच निर्मात्याने त्याच दुर्बिणीसाठी आखलेला फ्लॅटनर घ्यावा. भलताच फ्लॅटनर लावल्याने चांगल्या भिंगाची अब्रू गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतचे अंतर हा तर स्वतंत्र डोकेदुखीचा विषय. बहुतेक फ्लॅटनरसाठी ते ५५ मिलीमीटर ठरलेले असते आणि एखाद्या मिलीमीटरच्या फरकानेही कोपऱ्यातील तारे लांबट होऊ शकतात. मध्ये फिल्टर आला तर त्याच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश एवढे अंतर वाढवावे लागते. दोन मिलीमीटर जाडीच्या फिल्टरसाठी पाऊण मिलीमीटरहून थोडे कमी. यासाठी निरनिराळ्या जाडीच्या जोडकड्या व पातळ चकत्या आधीच घेऊन ठेवाव्यात. किमतीने त्या क्षुल्लक. पण एखादी नसली तर सारी रात्र वाया जाते.

केसाच्या जाडीचा फोकस

एफ/५ दुर्बिणीत प्रतिमा खऱ्या अर्थाने स्पष्ट राहते तो पट्टा सुमारे ६० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढा असतो. एफ/३.६ वर तो निम्म्यावर येतो. अर्ध्या मीटरची ॲल्युमिनियमची नळी तापमान एक अंश सेल्सियसने उतरले की सुमारे १२ मायक्रॉनने आखडते. डिसेंबरात दख्खनच्या पठारावर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पारा पाच-सात अंशांनी सहज घसरतो. संध्याकाळी जुळवलेला फोकस मध्यरात्री हुकतो तो यामुळे, आणि अनेक जण त्याचे खापर भिंगावर फोडतात.

म्हणून फोकसर भक्कम हवा. कॅमेऱ्याच्या वजनाने तो किंचितही वाकता किंवा सरकता कामा नये. त्याला मोटर जोडली तर संगणक दर तासाला किंवा तापमान ठरावीक अंशांनी उतरले की ताऱ्याचा आकार मोजून फोकस स्वतःच साधतो. हा खर्च ज्यांना लगेच नको, त्यांनी ‘बाह्तिनोव्ह’ जाळी घ्यावी. रशियन हौशी छायाचित्रकार पावेल बाह्तिनोव्ह यांनी २००५ मध्ये सुचवलेली ही खाचांची साधी चकती भिंगापुढे धरली की ताऱ्यातून तीन रेषा फुटतात. मधली रेषा बरोबर मध्यावर आली की फोकस साधला. एवढ्या कमी पैशात एवढा लाभ देणारी दुसरी वस्तू या छंदात क्वचितच सापडेल.

पहारेकरी तारा

माउंटची चूक पकडण्यासाठी दुसरा लहान कॅमेरा एका ताऱ्यावर सतत नजर ठेवतो आणि तारा जागचा हलताच माउंटला दुरुस्तीची आज्ञा देतो. यालाच गाइडिंग म्हणतात. हा कॅमेरा वेगळ्या छोट्या दुर्बिणीला लावता येतो, किंवा ‘ऑफ-ॲक्सिस गाइडर’च्या लोलकाद्वारे मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश वळवून त्यात सोडता येतो. आरशाच्या लांब दुर्बिणींना दुसरी पद्धत चांगली, कारण त्यांचा आरसा किंचित सरकतो. आखूड अपवर्तक दुर्बिणीला बहुधा पहिली पुरते. अट एकच. गाइड दुर्बीण मुख्य नळीला कड्यांनी घट्ट बांधलेली असावी, शोधक दुर्बिणीच्या डुगडुगत्या पायावर नव्हे. दोन नळ्यांमधला केसाएवढा ढिलेपणाही ताऱ्यांना लांबट करतो. गाइडिंगसाठी लागणारी ‘पीएचडी२’ ही संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

कॅमेरा भिंगाला जुळावा

कॅमेऱ्याची निवड मेगापिक्सेलवर नव्हे, तर एका साध्या गणितावर करावी. पिक्सेलचा मायक्रॉनमधील आकार २०६ ने गुणून मिलीमीटरमधील नाभीय अंतराने भागला की एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या किती विकला मावतात ते कळते. आज लोकप्रिय असलेल्या ३.७६ मायक्रॉनच्या सेन्सरला ५३० मिलीमीटरच्या दुर्बिणीमागे लावले तर हे उत्तर सुमारे दीड विकला येते. वातावरणाच्या थरथरीमुळे आपल्याकडे तारे बहुधा दोन ते चार विकलांएवढे पसरतात. तेव्हा ही जुळणी उत्तमच म्हणावी लागेल. याहून बारीक पिक्सेल घेऊन फाइली मोठ्या होतील, तपशील वाढणार नाही. दृष्टिक्षेत्राचेही असेच गणित मांडता येते. ३६ बाय २४ मिलीमीटरच्या सेन्सरवर हीच दुर्बीण सुमारे ३.९ बाय २.६ अंशांचे आकाश मावेल असे देते. देवयानी दीर्घिका, कृत्तिकांचा सबंध पुंजका किंवा मृगातील तेजोमेघ आणि त्याचा परिसर त्यात आरामात बसतो. शनीची कडी वा दूरच्या चिमुकल्या दीर्घिका यांसाठी मात्र ही दुर्बीण नव्हे.

सुरुवात घरात असलेल्या डीएसएलआरने करायला हरकत नाही. अडचण एवढीच, की तेजोमेघांतील हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश या कॅमेऱ्यांतील फिल्टर मोठ्या प्रमाणात अडवतो. पुढची पायरी म्हणजे सेन्सर थंड राखणारा खगोलीय कॅमेरा. उकाड्याच्या रात्री त्याचा उपयोग विशेष जाणवतो, कारण सेन्सर जितका गरम तितके छायाचित्रातील ठिपके अधिक. सोनीने २०१५ मध्ये सीसीडी सेन्सरांचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यानंतर ‘सीमॉस’ सेन्सरांनी हे क्षेत्र व्यापले. रंगीत कॅमेरा सोपा. कृष्णधवल कॅमेऱ्याला फिल्टरांचे चक्र व अधिक रात्री लागतात, पण एकाच रंगरेषेवर काम करताना प्रत्येक पिक्सेल उपयोगी पडतो.

फिल्टरांबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियम दिवे असत. त्यांचा प्रकाश ठरावीक तरंगलांबीचा असल्याने फिल्टरने तो गाळता येई. पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सबंध वर्णपटावर पसरलेला असतो, त्यामुळे ते जुने फिल्टर आता फारसे कामाचे राहिलेले नाहीत. शहरातून तेजोमेघ टिपणाऱ्यांना आधार आहे तो अरुंद पट्ट्याच्या फिल्टरांचा. हायड्रोजनची ६५६ आणि ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरची रेषा तेवढी ते आत सोडतात. देवयानीजवळची कमान हाती लागली ती या ऑक्सिजनच्या फिल्टरमुळेच. दीर्घिका व तारकागुच्छ यांचा प्रकाश मात्र सर्व रंगांचा असतो. तेथे फिल्टर हा काळोख्या आकाशाला पर्याय होऊ शकत नाही. उंची भिंगालाही अतिनील व अवरक्त प्रकाश एका बिंदूत आणणे जमत नाही. तेव्हा हे दोन्ही अडवणारा फिल्टर कॅमेऱ्यात आधीपासून नसेल तर तो जरूर घ्यावा. ताऱ्यांभोवतीची निळी प्रभावळ पुष्कळदा एवढ्यानेच नाहीशी होते.

दव, वीज आणि वायरी

रात्री भिंग आकाशाकडे उष्णता टाकत हवेहून थंड होते आणि त्यावर दव साचते. नळीपुढची दवटोपी काही काळ ते थोपवते. कोकणपट्टीतील दमट रात्री मात्र भिंगाच्या कडेभोवती गुंडाळायचा विजेचा पट्टा लागतोच. तो केवळ कोमट असावा. फार तापला तर भिंगापुढची हवा थरथरते आणि प्रतिमा बिघडते. दव पडल्यावर भिंग रुमालाने पुसणे हा तर अक्षम्य अपराध समजावा.

माउंट, थंड कॅमेरा, दवपट्टा आणि लहान संगणक मिळून १२ व्होल्टवर रात्रभर बरीच वीज खातात. प्रत्येक उपकरणाचा अँपिअरचा आकडा तासांनी गुणून बॅटरी ठरवावी आणि थंडीसाठी थोडी शिल्लक धरावी. वायरी नळीलाच बांधून एकत्र खाली आणाव्यात. लोंबती वायर माउंटला अडकून मोठमोठ्या रात्री वाया गेल्या आहेत. डोळ्यांनी पाहण्यासाठीच्या महागड्या नेत्रिका व काटकोनी लोलक यांवरचा खर्च छायाचित्रकाराने पुढे ढकलला तरी चालेल. उलट धूळ व कडांचा काळोख वजा करण्यासाठी ‘फ्लॅट’ छायाचित्रे घ्यायला एकसारखा उजळणारा पांढरा फलक मात्र आवर्जून घ्यावा. सूर्याचे छायाचित्र घ्यायचे असल्यास संपूर्ण भिंग झाकणारा प्रमाणित सौर फिल्टर पुढेच लावावा आणि शोधक दुर्बिणीवरही झाकण घालावे. फिल्टरवाचून सूर्याकडे रोखलेली दुर्बीण क्षणात दृष्टी नेते.

पावसाळा: भिंगाची कसोटी

आपल्याकडे अशा दुर्बिणीचा खरा वैरी म्हणजे जून ते सप्टेंबरचा पावसाळा. हे चार महिने दुर्बीण पेटीत बंद राहते आणि पेटीतील स्पंज ओलावा धरून ठेवतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की भिंगावर बुरशीचे जाळे धरू लागते. बुरशीचे आम्ल भिंगावरचा लेप खाते आणि मग स्वच्छ केल्यावरही डाग राहतो. तीन भिंगांच्या आत शिरलेली बुरशी घरी काढता येत नाही. चौकट उघडली की भिंगांची जुळणी गेली. दुरुस्तीसाठी दुर्बीण परदेशी कारखान्यात पाठवणे म्हणजे वाहतूक, विमा आणि सीमाशुल्काचा भुर्दंड.

यावर उपाय मात्र साधा आहे. छायाचित्रकार वापरतात तसले आर्द्रता-नियंत्रित कपाट घेऊन त्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता राखावी. ते नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे. बाहेरून आणलेली दवाने ओली नळी लगेच पेटीत कोंबू नये. आधी ती उघड्यावर सुकू द्यावी. भिंगावरच्या चार धूलिकणांनी छायाचित्राचे काही बिघडत नाही, वारंवार पुसण्याने मात्र बिघडते. जुनी दुर्बीण विकत घेताना विजेरीचा झोत तिरपा टाकून आतले भिंग पाहावे आणि शक्य असल्यास रात्री एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर तिची परीक्षा घ्यावी. नीट राखलेली उंची दुर्बीण वीस-तीस वर्षांनीही मोलाने विकली जाते. कॅमेरा मात्र पाच वर्षांत जुना होतो.

क्रम कसा असावा?

यातून खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम माउंट, मग दुर्बीण व तिचाच फ्लॅटनर, त्यापाठोपाठ गाइडिंग आणि दवपट्टा. सुरुवातीला कॅमेरा हाताशी असलेला. पहिला हिवाळा एवढ्यावर काढावा. आपल्या छायाचित्रांतील दोष कोणता, हे ओळखता येऊ लागले की त्या दोषावरचीच वस्तू घ्यावी. सर्व तारे एकाच दिशेला लांबट असतील तर माउंट, गाइडिंग वा ढिली जोडणी तपासावी. केवळ कोपऱ्यांतले बिघडले असतील तर फ्लॅटनरचे अंतर. सगळेच फुगलेले असतील तर फोकस. त्याआधी पुण्याची १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ अशा संस्थांच्या आकाशदर्शनाला जाऊन दोन-चार दुर्बिणी प्रत्यक्ष हाताळलेल्या पाहाव्यात. दुकानातील झगमगाटात जे कळत नाही ते माळरानावरच्या अंधारात लवकर कळते.

आणि तो अंधार हेच अखेर सर्वांत दुर्मीळ जोडसाहित्य ठरते. उघडझापेचा एकूण वेळ चौपट केला तर प्रतिमेची स्वच्छता केवळ दुपटीने वाढते. शहराच्या उजेडात जे कित्येक रात्रींत जमत नाही, ते काळोख्या आकाशाखाली एका रात्रीत जमते. लडाखमधील हान्ले परिसर २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशासाठी राखीव म्हणून अधिसूचित झाला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. उत्तम भिंग पैसे साठवून आणि वाट पाहून मिळवता येते. गावकुसापर्यंत पोहोचलेल्या दिव्यांआड गेलेले आकाश मात्र कोणत्याही कारखान्यात नोंदणी करून मिळत नाही. जपलेले भिंग पुढच्या पिढीच्या हाती जाईल, तेव्हा ते रोखण्याजोगे आकाशही तिच्या वाट्याला आले पाहिजे.